दाण्याच्या वडीवरचा चंद्र

चौतीस वर्षं मी सातपूरच्या एका कारखान्यात दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा पगार घेतला. खात्याचं नाव क्वालिटी. मशीनवरून उतरलेला भाग हातात घ्यायचा, मापायचा, उजेडात फिरवून बघायचा आणि जरा संशय आला की त्यावर लाल रंगाचा फराटा ओढून रिजेक्टच्या पेटीत टाकायचा, हे माझं काम. निवृत्त झालो तेव्हा लाल रंगाचा डबा तिथंच राहिला, सवय मात्र माझ्याबरोबर घरी आली. पोळीचा आकार, पडद्याची उंची, शेजाऱ्यांनी लावलेली गाडी, सगळ्यात मला काही ना काही फरक दिसायचा आणि दिसला की मी बोलायचो. बायको म्हणायची, कारखान्यानं माल दारात आणून टाकला, पण परत करायची सोय ठेवली नाही.

घरात एकच वस्तू माझ्या तपासणीच्या बाहेर होती. ती म्हणजे बायकोची सुरी.

सुरी लोखंडी, वीतभर लांब, हातानं ठोकून केलेली. पातं काळपट निळसर. मूठ बाभळीची, वापरून वापरून गुळगुळीत झालेली. आमच्या लग्नात तिच्या आईनं भांड्याकुंड्यांबरोबर ही सुरी दिली होती. तिच्या माहेरच्या जत्रेत कुणा लोहारानं तिच्या आईच्या समोर बसून केलेली, एवढीच तिची हकिकत मला माहीत होती. पात्यावर मुठीजवळ लोहाराचा ठसा होता. या सुरीचे नियम आमच्या कारखान्यातल्या मापाच्या गेजपेक्षाही कडक होते. चिरून झालं की लगेच कोरड्या फडक्यानं पुसायची. सिंकमध्ये ठेवायची नाही. लिंबू किंवा कैरी चिरली तर आधी सुरी पुसायची, मग फोन घ्यायचा, मग तो फोन मुलीचा का असेना. आठवड्यातून एकदा शेंगदाण्याच्या तेलाचं बोट पात्यावरून फिरवायचं. कामाला येणाऱ्या ताईंना तिला हात लावायची मनाई होती आणि मलाही.

मी त्या काळेपणाला गंज म्हणायचो. बायको म्हणायची, गंज लाल असतो, हा काळा रंग आहे म्हणून तर गंज आत शिरत नाही, आणि सबंध नोकरी लोखंडात काढून एवढं कळत नसेल तर कठीण आहे. मला राग यायचा, कारण तिचं म्हणणं बरोबर होतं. मी एका प्रदर्शनातून तिच्यासाठी चकचकीत स्टीलच्या सहा सुऱ्यांचा संच आणला होता. तिनं तो आनंदानं घेतला. त्यातल्या एका सुरीनं ती दुधाच्या पिशव्या फोडायची, बाकीच्या पाच खोक्यातच राहिल्या.

तर जानेवारीत मुलीनं पुण्यात घर बदलायचं काढलं आणि बायको आठ दिवसांसाठी तिच्या मदतीला गेली. जाताना माझ्यासाठी डबाभर दाण्याच्या वड्या करून ठेवल्या, सुरी पुसून, तेल लावून, फडक्यात गुंडाळून ड्रॉवरच्या पार मागे ठेवली, आणि रिक्षात बसता बसता म्हणाली, "सुरीला हात लावू नका."

तिनं हे सांगितलं नसतं तर मला सुरीची आठवणही झाली नसती, असं मी पुढं बरेच दिवस स्वतःला सांगत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुरी बाहेर काढली. पात्यावर टोमॅटोचे, कांद्याचे, कैरीचे तीसेक वर्षांचे डाग एकावर एक बसलेले. माझ्या मनात आलं की ही जर चकाचक करून ठेवली तर बायको थक्क होईल. ती थक्क झाली असती यात शंका नाही. सातपूरलाच माझ्या हाताखाली काम केलेल्या एका मित्राचं आता स्वतःचं छोटं वर्कशॉप आहे. तिथं गेलो. मित्र म्हणाला, द्या इकडं, मी हलकं बफिंग करून, नुसतं चमकवून देतो. पण दुसऱ्याच्या हातावर विश्वास ठेवायची माझी सवय नव्हती. चष्मा लावून मीच ग्राइंडरसमोर उभा राहिलो.

सुरुवातीला मजा आली. काळं निघून खालून चांदीसारखं पातं वर यायला लागलं. मुठीजवळ ठशाचा खड्डा होता, तिथं काळं अडकून बसलं होतं, ते निघेपर्यंत मी नेटानं दाबून धरलं. मग धार बघावी म्हणून पातं तिरकं करून चाकावर धरलं आणि धारेच्या कडेनं एक रंग पळताना दिसला. आधी गव्हासारखा, मग तपकिरी, मग वांग्यासारखा जांभळा, आणि शेवटी निळा.

हा रंग मला स्वप्नातही ओळखू येतो. पोलाद घासताना तापलं की असं निळं पडतं आणि त्याचा कडकपणा जातो. लोहार याला पाणी उतरणं म्हणतात. असे निळे डाग पडलेले शेकडो भाग मी रिजेक्ट केले होते आणि ते करणाऱ्या माणसांना कारखान्यात सगळ्यांसमोर शिकवण्या दिल्या होत्या. त्यातल्या निदान चार-पाच शिकवण्या या मित्रानंच उभ्यानं ऐकल्या होत्या. त्यानं येऊन मशीन बंद केलं, सुरी उजेडात फिरवली आणि अत्यंत अदबीनं विचारलं, "साहेब, हा पीस पास करायचा का?"

घरी येऊन टोमॅटोवर सुरी चालवली. टोमॅटो नुसता दबला. दगडावर घासून धार लावली तर ती अर्ध्या कांद्यापुरती टिकली. मला तेव्हा खरोखर भीती वाटली. बायकोच्या रागाची तर होतीच, पण त्याहून वाईट म्हणजे ती रागावलीच नाही तर काय, याची. तिच्या आईनं दिलेल्यातली ही एकच वस्तू आता उरली होती, तीही रोज हातात असलेली. ती काहीही न बोलता खोक्यातली स्टीलची सुरी घेईल आणि कामाला लागेल, हे चित्र डोळ्यांसमोर आलं आणि मला जेवण गेलं नाही.

मित्र म्हणाला, भट्टीत टाकून पुन्हा पाणी देता येईल, पण हे लोखंड कोणतं आहे ते कळल्याशिवाय नाही. गाडीचा पाटा असेल, कानस असेल, आणखी काही असेल, चुकीचं पाणी दिलं तर पातं काचेसारखं तडकेल. ज्यानं केली त्यालाच विचारा. आणि ज्यानं केली त्याचा पत्ता त्या ठशात होता, जो मी नेटानं दाबून धरून स्वतःच्या हातानं घासून टाकला होता.

ठसा आठवून कागदावर काढायला बसलो. तीस-पस्तीस वर्षं रोज डोळ्यांसमोर असलेली खूण. पहिल्यांदा मासा आला. दुसऱ्यांदा कंगवा. तिसऱ्यांदा जे आलं ते आमच्या जुन्या मॅनेजरांच्या सहीसारखं होतं. कोणत्या भागावर कुठं केसाएवढी चीर आहे हे जन्मभर सांगणारा मी, माझ्या घरातल्या खुणेचं साधं चित्र मला काढता येईना. बायकोला फोन करून विचारणं शक्य नव्हतं. तिनं रोज संध्याकाळी फोन करून मी जेवलो का ते विचारलं आणि मी रोज हवापाण्याबद्दल इतकं बोललो की शेवटी तिनं तब्येत बरी आहे ना असं विचारलं.

चौथ्या दिवशी चहाबरोबर वडी खात होतो. डबा तळाला गेला होता, शेवटच्या तीन वड्या उरल्या होत्या. एकीचा मी कोपरा चावला आणि तिच्यावर काहीतरी उठलेलं दिसलं. चष्मा लावला. वडीच्या अंगावर शेजारी शेजारी तीन उभ्या रेघा आणि त्यांच्या वर एक कमान. बायको वड्या थापताना सुरीच्या पात्याला तूप लावून त्याच पात्यानं वरून दाबून सारखं करते, आणि ताटाच्या शेवटच्या कोपऱ्यात हात जरा जोरात पडतो. तिथल्या एका वडीवर लोहाराचा ठसा उमटला होता. ती कमान पुढं कशी जात होती हे मात्र कळायला मार्ग नव्हता, कारण तेवढा भाग मी नुकताच गिळला होता.

मी त्या वडीला औषधाच्या डब्यातला कापूस लावला, स्टीलच्या लहान डब्यात ठेवली आणि झाकणावर चिठ्ठी चिकटवली, तपासणी बाकी. ही सवयच. उरलेल्या दोन वड्यांवर काही नव्हतं. त्या मी विचार करता करता संपवल्या.

पाचव्या दिवशी पंचवटीत गेलो. भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत विळ्या, खुरपी आणि द्राक्षाच्या छाटणीच्या कात्र्या विकणारं एक जुनं दुकान आहे. दुकानदार म्हणजे भारदस्त गृहस्थ, कपाळाला गंध. मी डबा उघडून त्यांच्या पुढं धरला आणि बोलायला सुरुवात करणार तोच त्यांनी भक्तिभावानं वडी उचलली, कपाळाला लावली आणि तोंडाकडं नेली. पंचवटीत अनोळखी माणसानं डबा उघडून गोड पुढं केलं की तो प्रसादच असतो, यात त्यांची काही चूक नव्हती. मी झडप घालून त्यांचं मनगट धरलं. दुकानात आलेल्या दोन बायका माझ्याकडं बघत मागं सरकल्या. प्रसाद तोंडातून काढून घेणारा माणूस त्यांनी पहिल्यांदाच बघितला असावा.

सगळं सांगितल्यावर गृहस्थांनी वडी नीट न्याहाळली. म्हणाले, तीन रेघांवर चंद्र मारणारं एक लोहाराचं घर आहे, देवळाली कॅम्पाच्या पुढं, रस्त्याच्या कडेला. तीन रेघांवर सूर्य मारणारं दुसरं घर होतं, पण त्यांची मुलं कधीच हे काम सोडून नोकरीला लागली. म्हणजे चंद्र असेल तर तुमचं काम झालं, सूर्य असेल तर विसरा. मग त्यांनी वडीचा चावलेला कोपरा बघितला, माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, की इथं काय होतं?

मी काय खाल्लं ते मला आठवत नव्हतं. घरी येऊन रेडियस मोजायचं गेज काढलं, उरलेल्या कमानीची त्रिज्या काढली, कागदावर पूर्ण वर्तुळ आखून बघितलं. सूर्य असता तर तो खालच्या रेघांवर चढला असता. हा हिशेब तीनदा केला. तीनदाही चंद्र आला. माझ्या अख्ख्या नोकरीत एखादं माप बरोबर आल्याचा एवढा आनंद झाला नव्हता.

सहाव्या दिवशी स्कूटरवरून कॅम्पाच्या पुढं गेलो. पत्र्याची शेड, समोर भाता, मातीत अर्धी गाडलेली ऐरण. एक बाई दोन्ही हातांनी घण मारत होती आणि तिची सासू पोत्यावर बसून सांडशीत लाल लोखंड धरून ते फिरवत होती. लांब लष्कराच्या तोफांचा सराव चालू होता. मी प्रत्येक धडाम्‌ला दचकत होतो, त्या दोघींचा एक घाव चुकत नव्हता. सासू वयानं माझ्याएवढीच असेल, पण मी तिला मावशी म्हणालो, आणि तिनं मला भाऊ म्हणून मोकळं केलं.

डबा उघडला. या वेळी डबा मी माझ्याच हातात घट्ट धरला होता. मावशीनं दोन बोटांनी वडी उचलली, उलटी करून बघितली, सुलटी करून बघितली, मान हलवली आणि शांतपणे तोंडात टाकली. दोन दिवस कापसात जपलेला एकुलता एक पुरावा ती सावकाश चावत होती. मग म्हणाली, दाणे जरा कमी भाजलेत.

मी म्हणालो, मावशी, तो ठसा होता. ती म्हणाली की ठसा कुणीही मारतं, बाजारात तिच्या घरच्या चंद्राच्या किती नकला फिरतात ते तिलाच माहीत. सुरी काढ म्हणाली. मी दिली. चकचकीत पातं बघून तिनं तोंड असं केलं, की सुनेनं घण खाली ठेवला आणि ती हसायला लागली. मावशीनं मूठ ठोकून उपसली, पात्याचा आत दडलेला भाग बाहेर काढला आणि त्याच्या बारीक होत गेलेल्या टोकावर अंगठा फिरवला. तिथं ग्राइंडर पोचला नव्हता. हातोडीचे जुने घाव एका बाजूला कललेले होते.

"आमच्या मालकाचा हात हाय ह्यो," ती म्हणाली. "डावखुरे व्हते. घाव असा डावीकडं जायाचा त्यांचा. घण मीच मारलाय ह्याच्यावर."

मालक म्हणजे तिचा नवरा, तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिनं त्या घावांवरून पुन्हा अंगठा फिरवला. नंतर तिनं पातं आडवं डोळ्यांसमोर धरलं, जसं मी कारखान्यात शाफ्टचा दांडा धरायचो तसं, आणि धारेवरून नजर फिरवत विचारलं, की घरी चिरतं कोण. मी म्हणालो, बायको. ती म्हणाली, धार सगळीकडं सारखी झिजलेली आहे, पण मुठीजवळ हा नवा खड्डा पडलाय.

"दोन-तीन वर्सांत पडलाय. पयलं बाई टोकानं चिरायची. आता मुठीपाशी धरून रेटती. अंगठा दुखतोय तिचा. लय दुखतोय. तुला माहीत नाय?"

मला माहीत नव्हतं. मी खिशातला व्हर्नियर काढला आणि पात्याची रुंदी तीन ठिकाणी मोजली. मुठीजवळ दोन मिलिमीटर कमी होती. मावशी बरोबर होती. मला पोळी जाड झालेली दिसायची, भाजीचे तुकडे लहान-मोठे दिसायचे आणि मी ते बोलून दाखवायचो. ते तसे का होत होते हे एकदाही बघितलं नव्हतं. मला स्वतःची इतकी लाज वाटली, की व्हर्नियर खिशात घालताना दोनदा बाहेर पडला.

मावशीनं भाता चालू करायला सांगितला. भाता मीच फिरवला. पातं लाल झालं, तिनं ते तेलात बुडवलं, मग पुन्हा निखाऱ्यावर धरून रंग चढायची वाट बघत बसली. उन्हात रंग नीट दिसत नाही म्हणून सुनेनं पदर पसरून सावली धरली. मी न राहवून विचारलं की तापमान किती असेल. मावशीनं नुसतं पात्याकडं बोट दाखवलं. गव्हाचा रंग धारेपाशी आला आणि मावशीनं पातं पाण्यात घातलं. मग छिन्नी घेऊन मुठीजवळच्या मऊ भागावर तीन रेघा आणि वर चंद्र मारला. मूठ जुनी लावायला ती तयार नव्हती. नवी बाभळीची, दीडपट जाड मूठ तिनं तासून बसवली आणि म्हणाली, आता बाईला आवळून धरावं लागणार नाही. निघताना बजावलं, की पुढच्या खेपेला वड्या आणशील तेव्हा दाणे नीट भाजायला सांग.

उरलेला वेळ पातं काळं करण्यात गेला. मी कांदे चिरले, बटाटे चिरले, चिंच लावून ठेवली, पुन्हा कांदे चिरले. सलग दोन दिवस कांदाभजी खाल्ली. रडत रडत चिरत होतो आणि शेजारच्या काकू दारात उभ्या राहून म्हणाल्या, वहिनींची एवढी आठवण येते का. मी हो म्हणालो. ते खोटंही नव्हतं.

बायको आठव्या दिवशी दुपारी आली. मी कबुलीजबाब कारखान्याच्या रिपोर्टसारखा तयार ठेवला होता, दोष काय, कारण काय, उपाय काय. तिनं पाणी प्यायलं, स्वयंपाकघरात गेली, वड्यांचा डबा उघडून रिकामा बघितला आणि ड्रॉवर ओढला. सुरी फडक्यातून काढली. खिडकीच्या उजेडात फिरवली. नव्या चंद्रावरून बोट फिरवलं. मी दारात उभा राहून रिपोर्टचं पहिलं वाक्य जुळवत होतो. मग तिनं मूठ धरली, सोडली, पुन्हा धरली. ओट्यावर लाल भोपळ्याच्या दोन मोठ्या फाका होत्या. त्यातली एक तिनं पुढं घेतली आणि न थांबता सगळी चिरली. अंगठा पात्याच्या पाठीवर सैल टेकलेला होता. चिरून झाल्यावर सुरी पुसली आणि माझ्याकडं न बघता विचारलं,

"अंगठ्याचं तुम्हाला कोणी सांगितलं?"

मी सगळं सांगितलं. ग्राइंडर, निळा रंग, वडी, प्रसाद, तोफा, मावशी. वडीपाशी आल्यावर ती इतकी हसली, की तिला खुर्चीवर बसावं लागलं. मावशीच्या मालकांचा विषय निघाला तेव्हा तिनं सुरी पुन्हा हातात घेतली. मी विचारलं, अंगठा इतका दुखत होता तर मला बोलली का नाहीस.

"तुम्ही म्हणाला असता, माझी पकड चुकते."

मी अगदी तेच म्हणालो असतो, वर पकड कशी असावी तेही करून दाखवलं असतं. मी ओट्यापाशी गेलो आणि भोपळ्याची दुसरी फाक फळीवर घेतली. आमच्या लग्नानंतर पहिल्यांदा तिनं तिच्या हातानं सुरी मला दिली. मी जमेल तितक्या काळजीनं चिरायला लागलो. ती खुर्चीवरून उठली, माझ्या ढिगातला एक तुकडा उचलला, दुसरा उचलला, दोन्ही खिडकीच्या उजेडात शेजारी शेजारी धरले.

"रिजेक्ट," ती म्हणाली.

मी दुसऱ्यांदा चिरायला घेतलं.